खोकडीचं तोंड

कस्तुराबाईला राग यायला फार काही लागत नसे, हे खडकेवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या शेळीला कुणी उगाच काठी मारली, तरी ती त्याच्या दारात उभी राहून आतल्या माणसाच्या सात पिढ्यांची विचारपूस करी. पण पाडव्याच्या आदल्या सकाळी ती माळावरून उतरली ती तोंडातून चकार शब्द न काढता. तिला तशी येताना ज्यांनी पाहिलं, ते आपण होऊन बाजूला झाले.

माळावरच्या बिळात खोकड नव्हती. बिळाच्या चार तोंडांपैकी तीन दगडांनी बुजवलेली होती. चौथ्यापाशी जाळ्याचा तुटका दोर आणि करड्या केसांचा झुपका पडला होता, आणि आतून पिल्लांचं कुईकुई ऐकू येत होतं. कस्तुराबाईने तिन्ही तोंडांवरचे दगड हातांनी उपसले, नखं फुटली तरी थांबली नाही. मग ती उठली ती थेट भाच्याच्या गोदामाकडे निघाली. हे काम दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं. बीळ कुठे आहे हे तिच्याखेरीज फक्त त्यालाच माहीत होतं, आणि ते त्याला तिनेच दाखवलं होतं.

शहरातली माणसं खोकडीला सरसकट कोल्हा म्हणतात. कोल्हा वेगळा. खोकड मांजराहून थोडी मोठी, पाय काटकुळे, कान मोठे आणि शेपटाचं टोक काळं. ती उंदीर खाते, किडे खाते, हिवाळ्यात बोरं खाते आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसते. चाकणच्या औद्योगिक भागात जिथे नव्या मोटारी वाहणारे लांबलचक कंटेनर ओळीने उभे असतात, त्या रस्त्याच्या मागे खडकेवाडीचा माळ होता. मुरूम, कुसळी गवत, चार बाभळी आणि लांबवर भंडारा डोंगर. तिथे खोकडी वाडी बसायच्या आधीपासून राहत होत्या.

आणि वाडीची एक रीत होती. नव्या कामाला निघताना पहाटे खोकडीचं तोंड दिसलं, तर काम होणार. पाठ दिसली, तर माणसाने गुमान घरी परतायचं आणि त्या दिवशी नवं काम धरायचं नाही. पूर्वी लोक बैल घ्यायला किंवा मुलगी बघायला निघताना माळावरून जात. आता आयटीआयची पोरं मुलाखतीला निघताना जात, आणि कंत्राट संपत आलेले कामगार पहिल्या शिफ्टला जाताना रस्त्याकडेला गाडी लावून माळाकडे टक लावून बसत. पण खोकड अशी कुणाला दिसत नसे. ती कुठल्या दगडावर उन्हाला येते, वारा कुठून असला की कुठे उभं राहायचं, हे फक्त कस्तुराबाईला ठाऊक. तिच्याआधी ते तिच्या बापाला ठाऊक होतं. बोलायचं नाही, जवळ जायचं नाही, एकदा तोंड दिसलं की मुकाट्याने परतायचं, असे बापाचे नियम होते. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की खोकडीचं बीळ कुणाला म्हणजे कुणाला दाखवायचं नाही.

कस्तुराबाई कुणाकडून काही घेत नसे. कुणी नारळ दिलाच तर शेळ्यांसोबत खाई. पण तिला त्याचा अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे. कुणाला नोकरी लागली की ती चारचौघांत विचारी, "आन् तोंड कुणी दावलं रे तुला?" त्या माणसाने तिचं नाव घेतल्याशिवाय ती पुढे जात नसे.

पिंपरीची मैत्री नावाची पोरगीसुद्धा अशीच मैत्रिणीबरोबर एकदा आली होती. आमच्या घरात शकुन-अपशकुन मानत नाहीत, हे तिने आल्याआल्याच सांगून टाकलं. कस्तुराबाई म्हणाली, मग नुसतं जनावर बघ. जनावर दिसलं तेव्हा पोरगी हातातला मोबाईल वर करायचं विसरली. तिला पुढे तिथल्याच एका कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी लागली. ती तिने स्वतःच्या अभ्यासावर मिळवली होती, आणि तसं ती कस्तुराबाईला ठणकावून सांगत असे. तरी सुट्टीच्या दिवशी चहाचा थर्मास घेऊन ती माळावर येऊन बसायची.

आणि रविराज. कस्तुराबाईच्या भावाचा मुलगा. बाप लवकर गेला, तेव्हा आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढला. मुरूम आणि सपाटीकरणाचं पहिलं काम मागायला निघाला त्या पहाटे आत्याने त्याला तोंड दाखवलं, आणि त्याला काम मिळालं. तेव्हापासून त्याचं जे काही झालं, दोन जेसीबी, चारचाकी, स्लॅबचं घर, ते सगळं त्या तोंडाने झालं असं तो मानत होता. मोठं काम असलं की आदल्या दिवशी आत्याच्या दारात हजर. कस्तुराबाईला ते फार आवडायचं, आता कबूल करायला हरकत नाही.

दिवाळीनंतर त्याने माळालगत गोदाम बांधायला घेतलं आणि जेसीबी माळाच्या अंगाला सरकू लागला. खोकडीच्या बिळापासून तो हाकेच्या अंतरावर आला, तेव्हा कस्तुराबाईला काही सुचेना. तिने आयुष्यात पहिल्यांदा बापाचा नियम मोडला. रविराजचा हात धरून त्याला बिळापाशी नेलं आणि सांगितलं, की इथं मशिन घालायचं नाही. रविराजने वाकून मातीला हात लावून नमस्कार केला आणि दिलेला शब्द पाळला. त्या टेकाडाला जेसीबीचा दात लागला नाही. शिमग्याला तीन पिल्लं बिळाच्या तोंडाशी आली, तेव्हा आपण शहाणपणाच केला, असंच तिला वाटलं होतं.

गोदामाच्या दारात मांडव पडला होता. उद्या पाडवा, उद्या उद्घाटन. एक मोठी कंपनी गोदाम भाड्याने घेणार होती आणि सह्या उद्याच व्हायच्या होत्या. मांडवाच्या कोपऱ्यात सोनेरी काठाच्या हिरव्या लुगड्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. कस्तुराबाईने लुगड्याचं टोक उचललं.

आत पिंजरा होता. चौकोनी पाइपांना जाळी वेल्ड करून मुद्दाम बनवलेला, वर सरकणारं दार, दाराला कुलूप, आणि सगळ्याला भगवा रंग. तो रंग बघून तिची तळपायाची आग मस्तकात गेली. असा पिंजरा बनवून, रंगवून वाळवायला सहज आठवडा जातो. म्हणजे आठ दिवसांपासून हे चाललं होतं, आणि या आठ दिवसांत भाचा दोनदा तिच्या घरी चहा पिऊन गेला होता. पिंजऱ्याला झेंडूची माळ होती. रविराजची बायको विजयश्री हिने समोर दूध-पोळी आणि मटणाचे तुकडे ठेवले होते. जाळीवर हळदकुंकूही लावलं होतं. आणि मागच्या कोपऱ्यात खोकड अंगाचं मुटकुळं करून पडली होती. नाकावरचं कातडं जाळीला घासून सोललं होतं, आणि पोटाखाली आचळं दुधाने तटतटली होती.

रविराज धावत आला. तिने त्याला बोलूच दिलं नाही. त्याला, त्याच्या गोदामाला, त्याच्या जेसीबीला, ज्या वेल्डरने हे बनवलं त्याला, सगळ्यांना तिने धुऊन काढलं. मांडववाले बांबू हातात धरून ऐकत राहिले. ती दम घ्यायला थांबली, तेव्हा रविराज अगदी शांतपणे म्हणाला, "आत्या, एका दिवसाचा प्रश्न हाय. उद्या सह्या झाल्या की मी सवता सोडतो तिला."

"तिची पिल्लं पीत्यात अजून."

"मग दूध पाठवतो ना माळावर. किती लिटर लागंल सांग."

तो थट्टा करत नव्हता. ते कळलं तेव्हा कस्तुराबाईला जास्तच संताप आला. तिने कुलूप ओढलं, पिंजऱ्याला लाथ घातली, तशी आतली खोकड दचकून जाळीवर आदळली आणि कस्तुराबाईच गपकन मागे सरली. रविराजने दोन माणसांना तिला हळूच बाजूला न्यायला सांगितलं. आवाज त्याने एकदाही चढवला नाही.

"चिडू नको," तो म्हणाला. "तूच शिकवलंस की मला. मी देव मानतो तिला. येवढ्या मोठ्या कामाला तिचं तोंड नसलं तर कसं चालंल?"

कस्तुराबाई त्या दोन माणसांचे हात झटकून चालू लागली.

ती वाडीत गेली. मारुतीच्या पारावर उभी राहून तिने सगळ्यांना सांगितलं, की रविराजने लेकुरवाळी खोकड कोंडली आहे, चला आणि पिंजरा उघडा. समोर बसलेल्यांतल्या किमान सहा जणांना तिने स्वतः माळावर नेलं होतं. एक जण म्हणाला, बरं झालं, उद्या पहाटे उठायला नको. दुसऱ्याने विचारलं, की गावकऱ्यांना दर्शन किती वाजता आहे. एका बाईने अगदी काकुळतीने विचारलं, की सासूचे गुडघे गेलेत, माळावर चढवत नाही, तर तिला मांडवात आणलं तर चालेल का. कस्तुराबाईने सगळ्यांच्या तोंडावर थुंकल्यासारखं केलं आणि निघून आली. ही माणसं वाईट नव्हती, हेच तिला सहन होत नव्हतं. खोकडीवर कुणाचाही राग नव्हता. सगळ्यांना ती हवीच होती.

तिने मैत्रीला फोन लावला. मैत्री दुपारी सुट्टी टाकून आली. खोकड पकडणं गुन्हा आहे, तुरुंगात जायची पाळी येईल, असं ती रविराजला तोंडावर सांगून आली. रविराजने तिला पाणी विचारलं आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. वनखात्याला फोन लागला तेव्हा कळलं, की त्यांची गाडी जुन्नरकडे बिबट्याच्या कामावर गेली आहे, उद्या दुपारपर्यंत नक्की येतो.

"उद्या दुपार," कस्तुराबाई म्हणाली. तेवढंच ती तीन-चार वेळा म्हणाली.

दोघी माळावर गेल्या. बिळासमोर स्टीलच्या पातेल्यात पिशवीचं दूध ठेवलेलं होतं आणि त्यात मुंग्या तरंगत होत्या. भाच्याने हाही शब्द पाळला होता. कस्तुराबाईने ते पातेलं माळावर भिरकावून दिलं. नर खोकड लांब बाभळीखाली तोंडात उंदीर धरून उभा होता. दोघी मागे सरल्यावर तो आला, उंदीर बिळाशी टाकून गेला. पिल्लांनी तो हुंगला आणि सोडून दिला. मग कस्तुराबाईने शेळीचं दूध काढून आणलं आणि कापसाची वात भिजवून एकेकाच्या तोंडाला लावली. दोघांनी चोखली. तिसरं, सगळ्यात बारकं, मान टाकून पडलं होतं. दूध त्याच्या ओठावरून मातीत गळत राहिलं.

मैत्री म्हणाली, "मावशी, चूक त्यांची आहे. तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका."

"घर मी दावलं," कस्तुराबाई म्हणाली. "गप बस तू."

संध्याकाळी रविराज तिच्या घरी आला. हात जोडूनच आला. उद्या लुगडं बाजूला आत्यानेच करायचं, असं त्याचं म्हणणं होतं. तोंड दाखवायचा मान तिचा. तिने दाखवलं नाही तर ते तोंड कामाला लागत नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. कस्तुराबाईला वाटलं, चुलीतलं लाकूड घ्यावं आणि घालावं याच्या टाळक्यात. पण तिने ते लाकूड चुलीत आणखी आत सारलं. मग म्हणाली की येते, पण पिंजरा कसा ठेवायचा ते मी सांगणार, आणि दाराला कुलूप नको. कुलपातल्या खोकडीचं तोंड लागत नसतं.

असा काही नियम नव्हता. तिने तो तिथल्या तिथे रचला होता. रविराजने मान डोलावली, पाया पडला आणि गेला. इतक्या सहज त्याने विश्वास ठेवला, की कस्तुराबाईला स्वतःचीच चीड आली. हा विश्वास तिनेच तर वर्षानुवर्षं त्याच्यात रुजवला होता.

पाडव्याला गोदामाच्या दारावर उंच गुढी होती. स्पीकरवर सनई वाजत होती. कंपनीचे साहेब एकसारखे निळे शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते, मागे सगळी खडकेवाडी, आणि गुडघे गेलेली ती सासूसुद्धा खुर्चीत. मैत्री एका खांबाला टेकून उभी होती. कस्तुराबाईने पिंजरा मांडवाच्या कडेला न्यायला लावला आणि त्याचं दार उघड्या माळाकडे करवलं. खोकडीला पूर्वेचं ऊन लागतं, असं तिने सांगितलं. कुलूप काढलेलं होतं. लुगड्याआड हालचाल ऐकू आली. माळाचा वारा आत गेला, तशी खोकड उठून दाराशी गेली होती.

रविराजने माइकवर आत्याचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. कस्तुराबाईने लुगडं ओढलं.

सगळ्या मांडवाला दिसली ती पाठ. करडी, खाली दबलेली पाठ आणि काळ्या टोकाचं शेपूट. सनई वाजतच होती. कस्तुराबाईने दोन्ही हातांनी पिंजऱ्याचं दार वर खेचलं. खोकड बाहेर पडली, तारेच्या कुंपणाखालून सरपटली आणि माळावर गेली. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

निळ्या शर्टातल्या मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. उद्घाटनाला प्राणी मुक्त करायचा, फार सुंदर कल्पना आहे, असं ते शेजाऱ्याला म्हणाले, आणि बाकीच्या निळ्या शर्टांनीही टाळ्या वाजवल्या. मागे वाडीची माणसं मात्र चपला शोधू लागली होती. टेबलावर करार उघडून ठेवलेला होता. साहेबांनी सही केली आणि पेन रविराजकडे सरकवलं.

रविराजने पेन घेतलं नाही. आज नको, उद्या करू, असं तो म्हणाला, आणि साहेबांनी तीनदा कारण विचारलं तरी त्याला ते सांगता येईना. शेवटी साहेब चिडले. असल्या माणसाबरोबर काम कसं करायचं, दुसरं गोदाम बघू, असं म्हणत ते गाड्यांत बसून गेले.

"आत्या, वाटोळं केलंस माझं," रविराज म्हणाला.

"घरी जा," कस्तुराबाई म्हणाली. "आज नवं काम धरू न्हाई."

दुपारी वनखात्याची माणसं आली. त्यांनी पंचनामा केला, रविराजचं नाव लिहून घेतलं आणि पिंजरा गाडीत टाकून नेला. कस्तुराबाई तिथे थांबली नाही. ती मैत्रीला घेऊन माळावर लांब बाभळीखाली जाऊन बसली. खोकड बिळात होती. उन्हं उतरली तेव्हा ती एक पिल्लू मानेला धरून बाहेर आली आणि भंडारा डोंगराच्या दिशेने दिसेनाशी झाली. बऱ्याच वेळाने परतली आणि दुसरं घेऊन गेली. तिसऱ्या फेरीला दोघी वाट बघत बसल्या. मैत्री म्हणाली, येईल अजून. कस्तुराबाईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अंधार पडायच्या आधी ती उठली, बिळाशी गुडघे टेकले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि बारकं पिल्लू बाहेर काढलं. ते थंड होतं. मैत्री रडू लागली. कस्तुराबाईला रडू आलं नाही. पिल्लू पुरायला मैत्रीने दगडाने खड्डा करायला घेतला, तर तिने थांबवलं. उद्या, म्हणाली. पिल्लू गोणपाटात गुंडाळून तिने बाभळीच्या बेचक्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता फुटता ती शेळ्या घेऊन माळावर आली, तर रविराज आधीच येऊन उभा होता. अनवाणी, कालच्याच कपड्यांत. रात्रभर झोपला नसावा. त्याने वाकून तिचे पाय धरले. साहेब अजून फोन उचलतात, असं तो म्हणाला. आज भेटायला बोलावलं आहे. कालची पाठ पुसून निघाली पाहिजे.

"आत्या, एकदाच तोंड दाव," तो म्हणाला. "पुन्हा कधी मागणार न्हाई."

कस्तुराबाईने त्याला उठवलं. बोलायचं नाही म्हणून ओठांवर बोट ठेवलं, नेहमी ठेवायची तसंच, आणि चालू लागली. तो पावलांचा आवाज न करता मागोमाग आला. बाभळीपाशी तिने बेचक्यातून गोणपाट काढलं, जमिनीवर ठेवलं आणि उलगडलं. पिल्लाचे डोळे अर्धवट उघडे होते आणि ओठांवर दूध वाळलं होतं.

"बघ," ती म्हणाली.

रविराजने मान फिरवली. लहानपणी काजळ घालताना तो असाच मान फिरवायचा, तेव्हा ती जशी धरायची तशी तिने त्याची हनुवटी घट्ट धरली, मान वळवली, आणि तो बघेपर्यंत सोडली नाही.